गुडघ्याएवढी जागा

मिरजेच्या आमच्या चर्चमध्ये गव्हाणी मांडायचं काम माझ्याकडे.
रिटायर नर्सला वेळच वेळ, असं सगळ्यांना वाटतं.
कडबा बेडगेचा, अमोस टेम्पोतून आणून टाकतो.
पुतळे पेटीत, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले:
योसेफाचं नाक उडालंय, एका उंटाला पाय तीन,
मेंढरं मात्र दर वर्षी एक जास्तच भरतं,
कसं कोण जाणे.

ओल्या कापसानं पुसते मी एकेकाला,
वॉर्डात पुसायचे तसं, आधी डोळे, मग तोंड.
आणि दर वर्षी तेच मनात येतं:
ह्यात सुईण कुठाय?

मेंढपाळ आहेत, मागी आहेत, गाढवसुद्धा आहे.
लिहिणारा म्हणे वैद्य होता,
तरी नाळेबद्दल एक अक्षर नाही.
पहिलटकरीण, परगाव, गोठा, रात्र.
पाणी कुणी तापवलं, रक्त किती गेलं,
वार पडली का नीट?
बाळंत्यात गुंडाळलं म्हणतो, बस्स.
जणू बाळ धुऊनपुसूनच आलं.

आमच्या घरात सगळ्यांना हाक आली होती.
बाबा उपदेशक, थोरली शांतवना मिशनात,
धाकट्यानं जतला मुलांचं वसतिगृह काढलं.
मला आली ती नेमणूक.
झेडपीचं पत्र, गोल शिक्का, उपकेंद्र,
सायकल आपली आपण आणायची.

सत्त्याऐंशी साल. चोवीस तारखेची रात्र.
मी नवी पांढरी साडी नेसून निघालेली,
उपासनेत वाचन माझं होतं, आठवडाभर घोकलेलं.
फाट्यावर एक माणूस उभा, डोक्याला मफलर,
बीडकडचा, ऊसतोडीच्या टोळीतला.
एवढंच म्हणाला, "बाई, अडलीय."

डिग्रजच्या पुढे, फडाच्या कडेला कोपी.
पाचटाचं छप्पर. दारात दोन बैल,
रवंथ करत, नाकातून वाफ सोडत.
आत द्वारका. वय सांगितलं एकोणीस, असेल सोळा.
तो कंदील धरून उभा राहिला,
रात्रभर हात हलला नाही त्याचा.
मूल कुणाचं, मी विचारलं नव्हतं.
रजिस्टरात रकाना होता.
त्यानं स्वतःचं नाव सांगितलं,
जरा थांबून.

नाळेचे दोन वेढे गळ्याभोवती.
बोट घालून सोडवले. पत्ती उकळलेली चहाच्या पातेल्यात.
बाळ निळं. रडेना.
तोंडाला तोंड लावून फुंकर घातली,
चव अजून जिभेवर आहे, मीठ आणि लोखंड.
लांब कारखान्याचा भोंगा झाला.
मग ते रडलं.
देवदूत वगैरे कुणी आलं नाही.
एका बैलानं कान हलवला.

गुंडाळायला चिंधी नव्हती.
मी पदर फाडला.

परतताना रडले, ते साडीसाठी,
आणि वाचन बुडालं म्हणून. खोटं कशाला सांगू?
पाद्रीबाई म्हणाल्या, "नाताळ चुकला की गं तुझा!"
मीही तेच धरून चालले,
कितीतरी वर्षं.

कधी उलटलं, नेमकं सांगता येत नाही.
असंच गव्हाणी मांडताना, गुडघे ठणकत असताना,
वाटलं, गोष्टीतली एक ओळ लिहायची राहिलीय,
आणि त्या कोऱ्या जागेत कुणीतरी ओणवी बसलीय,
कोपरापर्यंत रक्त, केस सुटलेले, घाईत.
तोंड दिसत नाही तिचं.
पाठ मला ओळखू येते.

काल नववीतला ज्योएल म्हणाला,
"मावशी, मरियेशेजारी कडबा दबलाय. सारखा करू?"
राहू दे म्हटलं.
मूठ दाबून मीच करते ती दर वर्षी,
गुडघ्याएवढी जागा.

मग नळावर जाऊन हात धुते,
कोपरापर्यंत.
सवय.